अकरा जणांची वही

माझी धाकटी नणंद एका संशोधन संस्थेत बावीस वर्षं एकाच टेबलाशी बसली. राज्याच्या विधानसभेत कोणत्या आमदारानं कुठल्या ठरावाला हो म्हटलं, कुठल्याला नाही, हे टिपून प्रत्येकाला डाव्या-उजव्या विचारांच्या पट्टीवर आकडा द्यायचा, हे तिचं काम. संसदेतल्या खासदारांना असेच आकडे देणाऱ्या बाई वरच्या मजल्यावर. नणंद त्यांना ‘वरची’ म्हणायची, तेही दातओठ खाऊन.

“वरचीला खिडकी, वहिनी, आणि मला जिन्याखालची भिंत. पाहुणे आले की थेट वर!”

मग संस्थेच्या साहेबांनी ठरवलं, दोन्ही पट्ट्या जोडून एकच अहवाल काढायचा. जोडणार वरची, म्हणजे नाव पहिलं तिचं. अडचण एकच. दोन पट्ट्यांचं शून्य, म्हणजे मधला बिंदू, वेगवेगळं; ज्या त्या सभागृहातल्या माणसांवरून ठरलेलं. अकरा जण आधी आमदार आणि मग खासदार झालेले. त्यांचे दोन्हीकडचे आकडे ताडून पाहिले, तरच पट्ट्या जुळणार. आणि त्यांचे जुने आकडे होते फक्त नणंदेच्या वहीत.

एका दुपारी ती वही माझ्या कपाटात चादरींखाली सरकवून म्हणाली, “सापडत नाही म्हणून ऑफिसात सांगितलंय.”

“वन्सं, पट्ट्या जुळल्याच नाहीत, तर तुमचे आमदार तरी कोण बघणार?”

ती फणकाऱ्यानं उठून गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी आली, वही काखेत मारली. “देते. पण जोडणी माझ्या टेबलावर. खुर्ची तिनं खाली आणायची.”

वरची नऊ दिवस स्वतःची खुर्ची उचलून खाली येत होती. नणंद रोज रंगवून सांगायची. आठव्या दिवशी मात्र तोंड पाडून आली. अकरांतले एक गृहस्थ हिच्या पट्टीवर अगदी मधोमध, तिच्या पट्टीवर पार टोकाला. हिला वाटलं, आपलंच चुकलं. वरची हसून म्हणाली, “माणूस तिथंच आहे हो, संसदेत शेजार बदललाय.”

“बरोबर आहे की!” मी म्हटलं.

“बरोबर आहे म्हणूनच तर! बावीस वर्षांत मला नाही सुचलं, आणि वरचीला बसल्या बसल्या?”

अहवाल छापून आला. वरचीचं नाव पहिलं, हिचं दुसरं. नणंद तो माझ्यापुढे धरून म्हणाली, “वहिनी, नीट बघा. तिचं नाव जाड ठशात आहे ना?”

दोन्ही नावं सारखीच होती. मी चष्मा पुसून दोनदा पाहिलं, तसं सांगितलंही. तिचा विश्वास बसेना. शेवटी माझ्या शिवणाच्या डब्यातली मापाची टेप आणि अहवाल घेऊन ती खिडकीशी गेली.