राजघाटावरचा दहावा

नाना, म्हणजे आमचे वडील, गेले तेव्हा नवं राज्य नुकतंच झालं होतं. आमच्या बुऱ्हाणपूरची राजधानी नागपूर होती, ती भोपाळ झाली. गावातल्या आम्हा मराठी माणसांची गत नव्या सासरी आलेल्या सुनेसारखी. पुढं पुढं करून दाखवायचं, त्यात माझा थोरला भाऊ सगळ्यांच्या पुढं. दादा कचेरीत कारकून होता आणि त्याची हिंदी फर्डी. त्यामुळे भोपाळहून साहेबलोक बायकापोरांसह किल्ला नि हमाम बघायला आले की त्यांना गाव दाखवायचं काम त्याच्याकडेच. काय ते मिरवणं, बाई बाई! "बघ आई, साऱ्या मुलखातून लोक आपलं गाव बघायला येतील," म्हणायचा. नाना अंथरुणावरून म्हणायचे, "येऊ दे की. पण मग आपण कुठं जायचं, तेवढं विचारून ठेव."

पाहुण्यांसाठी नदीवरचा राजघाट नीटनेटका करायची कमिटी निघाली. दादा तीत होताच. वरचा पिंपळाखालचा ओटा पाहुण्यांना बसायला राखून ठेवला. पिढ्यानपिढ्या गावचे दहावे त्याच ओट्यावर होत आलेले. पण सुट्टीत फिरायला आलेल्या माणसांना मुंडण केलेली डोकी आणि भाताचे पिंड कशाला दिसायला हवेत? म्हणून दहाव्याची जागा हलवली ती पार खाली, धोबी कपडे आपटतात त्याच्याही पलीकडे. दादानं त्याला मान डोलावली. आपल्याच घरात दहावा येईल हे तेव्हा त्याला काय माहीत!

नानांच्या दहाव्याच्या दिवशी आईला गुडघ्यांमुळे पायऱ्या उतरवेनात, म्हणून ती इतवाऱ्यातल्या आमच्या घरीच थांबली. सकाळपासून तिच्या पोटात पाण्याचा थेंब नव्हता. "कावळा शिवल्याचं कानावर आल्याशिवाय मी काही घेणार नाही," एवढंच तिचं म्हणणं. घाटावर मी गेले.

गुरुजींनी पिंड मांडला. आम्ही मागं सरकलो. कावळा येईना. येईल कसा? कावळ्यांना कमिटीचा ठराव कोण सांगणार! ते आपले सवयीनं वरच्या पिंपळावर. आणि नेमके त्याच दिवशी ओट्यावर पाहुणे उतरलेले, पुरी-भाजीचे डबे उघडून बसलेले. सगळे कावळे त्यांच्याभोवती. आमच्या पिंडावर नुसत्या माशा.

मग आमच्यात करतात तसं सुरू झालं. गेलेल्या माणसाचा जीव कशात अडकला असेल ते ओळखायचं आणि शब्द द्यायचा. दादा म्हणाला, "नाना, आईला अंतर देणार नाही." कावळा नाही. काका म्हणाले, "नाना, बांधाचं भांडण मी मिटवतो." नाही. ऊन चढत गेलं तसे आवाज चढत गेले. घरातलं एकेक उणंदुणं धोब्यांसमोर ओरडून सांगायचं! मी पदर तोंडावर ओढून घेतला. शेवटी काका माझ्याकडे बघत ओरडले, "पोरीचं लग्न करून देतो!"

माझं लग्नाचं वय केव्हाच उलटलं होतं. मी मुलींच्या शाळेत शिकवत होते, आणि मला ते मनापासून आवडत होतं. घरात उठसूट त्यावरून वाद. "तिला आवडतंय ना, मग शिकवू दे," म्हणणारे एकटे नाना. काकांच्या शब्दावरही कावळा आला नाही, तेव्हा मला आतून केवढं बरं वाटलं.

आमचा आरडाओरडा ऐकून पाहुणे पायऱ्या उतरून खाली आले. चपला लांब काढून, हात जोडून उभे राहिले. माणसं वाईट नव्हती हो, तेच तर जड जातं. त्यांच्यातल्या एका बाईनं दादाला ओळखलं आणि हळूच विचारलं, "भाई साहब, ये क्या हो रहा है?" आणि आमचा दादा, डोक्याचा गोटा, अंगाला ओलं धोतर चिकटलेलं, किल्ला दाखवताना काढायचा तोच आवाज काढून म्हणाला, "जी, ऐसा है, पिताजी की आत्मा बहन की शादी में अटकी हुई है।" सगळ्यांच्या नजरा माझ्यावर. एकानं कॅमेरा वर केला. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं मला.

त्या बाईचे डोळे भरून आले. "बेचारे," म्हणाली, आणि हातातल्या पुरीचा तुकडा पिंडावर टाकला. खरोखर मायेनंच टाकला. कावळा झपकन आला, पुरी उचलताना त्याचा पाय भातात रुतला, आणि गुरुजी ओरडले, "शिवला, शिवला!" दादानं मान वर केली नाही. सगळे घाईघाईनं अंघोळीला पाण्यात उतरले. एकमेकांकडे बघायची कुणाची छाती नव्हती.

घरी आई उंबऱ्यातच बसली होती.

"शिवला का रे?"

"शिवला."

"काय बोलल्यावर?"

भोपाळच्या बाईनं उष्टी पुरी टाकली म्हणून शिवला, हे त्या माउलीला सांगायचं कोणत्या तोंडानं? काका भिंतीकडे बघत राहिले. दादानं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "हिच्या लग्नाचं बोललो, तेव्हा."

आईनं मला जवळ ओढलं. "बघ माय, तुझ्यातच जीव अडकला होता त्यांचा. आता तरी नाही म्हणू नको." तिचे ओठ कोरडे पडले होते. मी खरं बोलले असते, तर ती तशीच उपाशी बसली असती, कदाचित जन्मभर नानांच्या जिवाचा घोर करत. दादाचा मला इतका राग आला होता, आणि त्याची कीवही येत होती.

"नाही म्हणणार नाही," मी म्हणाले. तेव्हा कुठं ती पाणी प्यायली.

वैशाखात शाहपूरच्या एका केळीवाल्या घरात मला दिलं. शाळा सुटली. मांडवात आई एका बाजूला बसून येईल त्याला सांगत होती, "हिच्या बापाची शेवटची इच्छा होती." दादा दरवेळी मान डोलवायचा. निघताना मला नानांच्या फोटोच्या पाया पडायला नेलं. मी वाकले, पण वर बघून त्यांच्या नजरेला नजर देण्याचं धैर्य झालं नाही.