आमच्या गावाचा मॅप

दर रविवारी दुपारी आम्ही चौघं मोबाईलवर लपाछपी खेळतो. सगळे शाळेतले दोस्त. एक नागपूरला, एक पांढुर्ण्याला आणि आम्ही दोघं अजून गावी, सौंसरलाच. खेळण्यापेक्षा मॅप ठरवण्यातच जास्त वेळ जायचा. नागपूरवाल्याला मॉल हवा, पांढुर्णेवाल्याला जहाज. मला जंगल, कारण या खेळात लपताना कशाचंही सोंग घेता येतं आणि तिथे झाड होऊन उभं राहिलं की कुणाचा बापही शोधू शकत नाही.

मागच्या दिवाळीत सौंसरच्या दोस्ताने हे भांडणच मिटवलं. महिनाभर ठोकळ्यावर ठोकळा रचून त्याने स्वतः मॅप बनवला, अख्ख्या सौंसरचा. बसस्टँड, शाळा, शाळेमागची बोरीची झाडं, संत्र्यांच्या पेट्यांचे ढीग. खोटं कशाला बोलू, आत शिरलो तेव्हा माझे डोळे भरून आले. पांढुर्णेवाल्याच्या जुन्या घराचा वाकडा जिनासुद्धा होता.

"अबे, आमचा कूलर बी ठेवला ना यानं!" नागपूरवाला ओरडला.

मी माझ्या घराकडे निघालो. पोस्टावरून वळून नाल्याच्या पुलावर आलो आणि अडकलो. पाय हलत होते, पण माझा माणूस पुढे सरकेना. पलीकडे नुसतं हिरवं मैदान. आमची वस्ती नाही, बुद्धविहार नाही, घर नाही.

"आमच्याकडचं कुठं हाय?" मी विचारलं.

"तिकडं काय हाय बे लपाले?" सौंसरवाला दोस्त म्हणाला. "आन् मॅप जड होऊन राह्यला होता."

मी हसलो. असं हसायला आम्ही लहानपणीच शिकतो. पेट्या रचताना मॅप जड झाला नव्हता. विहारामागच्या कडब्याच्या गंजीत आम्ही वस्तीतली पोरं लपलो, की आयांच्या भाकरी थापून व्हायच्या तरी सापडत नव्हतो. पण हे त्याला कुठून माहीत असणार?

तेव्हापासून दर रविवारी तिघांची मतं सौंसरला, माझं एकट्याचं जंगलाला. "तुले आपलं गाव आवडत नाही का बे?" नागपूरवाला विचारायचा. शेवटी एकदा माझं डोकं फिरलं. माझं घर का नाही, ते मी सगळ्यांसमोर विचारलं.

"बरं बाबा, फोटो पाठव," सौंसरवाला म्हणाला. "बनवून देतो."

वाकड्या जिन्याचा फोटो त्याला कुणी पाठवला नव्हता. कूलरचाही नाही. त्यांच्या घरांत तो वाढला होता. त्याच्या घरी मीही चिक्कार जेवलोय, ताट मात्र माझं मी धुवून ठेवायचो. आमचा उंबरा त्याने कधी ओलांडला नाही. कधी ऊन असायचं, कधी उशीर झालेला असायचा.

"फोटो नाही देत," मी म्हणालो. "येऊन डोळ्यानं पाय."

"येतो ना बे. या रविवारी सकाळीच येतो."

रविवारी आईने पोहे भिजवले. बारा वाजता ते आम्हीच खाल्ले.

दुपारी पुन्हा सौंसरच ठरलं. राज्य सौंसरवाल्यावर होतं. मी कशाचंही सोंग घेतलं नाही, पुलावर मधोमध उभा राहिलो. त्याने शाळा पालथी घातली, बसस्टँड पाहिलं, त्या दोघांना पकडलं. मग तो पोस्टापर्यंत आला. मला तो स्पष्ट दिसत होता. वळणावर थोडा थांबला आणि मागे फिरला.

वेळ संपली, मी जिंकलो.

"कुठं लपला होता बे?" त्याने विचारलं.

"लपलो नव्हतोच," मी म्हणालो. "घरी जायच्या वाटेवर उभा होतो."