मरळीचं डोकं आणि साडूची गाळणी

शहापूर आणि मुरबाड हे दोन्ही तालुके पालथे घातले तरी माझ्या साडूइतका मत्सर करण्याजोगा माणूस सापडायचा नाही. दिसायला बेताचा, उंचीला माझ्या खांद्याशी येईल एवढा, शहापूरच्या एका सरकारी कचेरीत कारकून. माझं मुरबाडच्या बाजारात स्वतःचं दुकान आहे: ताडपत्री, नायलॉनची दोरी, प्लास्टिकच्या बादल्या, बरण्या, पाइप. शिवाय मी थोरला जावई. तरीही सासुरवाडीच्या दारात माझी चप्पल वाजली की सासूबाई आधी माझ्या पाठीमागे बघतात, धाकटे आलेत का म्हणून.

या माणसाला पाण्यातलं प्लास्टिक बघायचं वेड आहे. काठाला अडकलेल्या पिशव्या नव्हेत. त्या काय मलाही दिसतात. याला हवं असतं ते तांदळाच्या कणीहून बारीक, उन्हानं भुगा होऊन माशांच्या पोटात गेलेलं. त्याला तो मायक्रोप्लास्टिक म्हणतो, आणि म्हणताना आवाज असा खाली आणतो की घरात कोणी आजारी असावं. पिशवीत कायम चहाची गाळणी, मलमलीचा तुकडा आणि भिंग. सापगावला एका लग्नात वरात पुलावर आली आणि हा गायब. बघतो तर खाली भातसा नदीच्या पाण्यात, इस्त्रीची पँट गुडघ्यापर्यंत दुमडून गाळणी चालवतोय. मी मनात म्हटलं, आता होणार याची शोभा. झालं उलटंच. निम्मी वरात कठड्याला टेकली आणि खुद्द नवरदेव घोड्यावरून ओरडला, "काय घावला काय रे?" माझ्या लग्नात मी घोड्यावर होतो तेव्हा माझ्याकडेसुद्धा इतकी माणसं बघत नव्हती.

एकदा सिद्धगडाच्या पायथ्याशी एका ओढ्यात त्यानं गाळणी धरली. तासाभरानं ती कोरी निघाली. "दादा, हितं काय नाय! एक कण नाय!" असं म्हणून त्यानं चक्क त्या ओढ्याला वाकून नमस्कार केला. माझ्या दुकानाच्या पूजेला आला होता तेव्हा त्याचा चेहरा याच्या निम्म्यानंही फुलला नव्हता. माझ्या बायकोनं तर त्याचं ऐकून स्वयंपाकघरातल्या सगळ्या बरण्या बदलून काचेच्या आणल्या. माझ्याच घरात माझ्याच दुकानाचा माल चालेना. मी कुरकुरलो तर म्हणाली, "भावजी काय तरी सांगतात तरी. तुमी नुसता भाव सांगता."

पण खरं दुखणं मरळीच्या डोक्याचं. सासरे काळू नदीच्या काठचे शेतकरी, जाळं फेकण्यात पटाईत. त्यांच्या घरची रीत अशी की मोठी मरळ लागली की तिचं डोकं थोरल्या जावयाच्या ताटात. लग्न झाल्यापासून ते माझं होतं. मग साडू आला आणि मासे साफ करताना सासूबाईंच्या शेजारी जाऊन बसायला लागला. आतडी गाळणीत धुवायची, भिंगाखाली धरायची. सासरेही हळूहळू तिकडे जाऊन उकिडवे बसू लागले आणि ओटीवर मी एकटा उरलो. एका धुळवडीला डोकं त्याच्या ताटात गेलं. सासूबाई जरा घुटमळल्या, तर सासरे म्हणाले, "दे गो त्याला, सकालधरनं खपतोय पोरगा." मी शेपटीकडचा तुकडा खाल्ला आणि घशात काटा गेल्याचं सांगून उठलो.

त्यानंतरच्या खेपेला एका मरळीच्या पोटातून निळे कण निघाले. तो निळा मी झोपेतही ओळखला असता. सासऱ्यांच्या पेंढ्याच्या उडवीवर घालायला दरवर्षी निळी ताडपत्री मीच देतो. नदीपलीकडूनही ती दिसते, आणि कोणी विचारलं तर सासरे सांगतात, थोरल्यानं दिलेय. त्या घरात माझ्या नावानं मिरवणारं तेवढंच काय ते उरलं होतं. आमच्याकडची पद्धत अशी की जुनी ताडपत्री काढायची नाही, तिच्यावरच नवी चढवायची. तेवढाच जास्त आडोसा म्हणतात. खालच्या जुन्या थरांच्या कडा उन्हानं इतक्या कुजल्या होत्या की बोट लावलं की भुगा, आणि पाऊस पडला की तो भुगा उतारानं सरळ नदीत. साडूनं भिंगातून पाहिलं, मग उडवीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"कुठचा रे ह्यो?" सासऱ्यांनी विचारलं.

"वरनं वाहत आला आसंल, मामा," तो शांतपणे म्हणाला. "नदी काय आपल्या एकट्याची नाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे शेतावर गेल्यावर हा उडवीवर चढलेला. कुजके थर अलगद ओढून काढत होता. "दादा, गोणी धरा," वरून म्हणाला. "जुन्या तेवढ्या काढतो. वरची नवी ऱ्हाऊ दे. मामांना ती बघायची सवय हाय." मी गोणी धरून खाली उभा राहिलो आणि मनातून चरफडलो. मोठेपणातही हाच पुढे! धड रागवायची सोयसुद्धा त्यानं मला ठेवली नाही.

मध्यंतरी त्याची बदली झाली, पार परभणीकडे. मला वाटलं होतं, आता बरं वाटेल. परवा सासुरवाडीला गेलो तर सासऱ्यांना चांगली हातभर मरळ लागली होती. सासूबाई मासा कापायला बसल्या आणि मी, का कोण जाणे, चुलीजवळची चहाची गाळणी उचलून त्यांच्या शेजारी जाऊन बसलो. आतडी धुतली. गाळणीत एक निळा कण राहिला. कुजकी ताडपत्री कधीच गेली, नदी मात्र तिचे तुकडे अजून सांभाळून आहे. "मामी, हे बघा," मी म्हटलं. त्यांनी मान वर केली, कण पाहिला आणि म्हणाल्या, "धाकटे पायजे व्हते आज."

मला वाईट वाटलं, आणि या वेळी ते माझ्यासाठी नव्हतं. त्याच्याइतक्या बारकाईनं तो कण बघणारं त्या घरात कोणी नव्हतं. मला तर भिंगही नीट धरता येत नाही.

पानं वाढली. डोकं अर्थातच माझ्या ताटात आलं. मी भात कालवला, आमटी संपवली, आणि डोकं तसंच बाजूला राहिलं. सासऱ्यांनी ते पाहिलं.

"खावा ना जावयबापू," ते म्हणाले, "आता कोन हाय वाटेकरी?"