यॉर्कशरच्या तंबूतला फज

सासूबाई पहिल्यांदा आमच्याकडे इंग्लंडमध्ये, रीडिंग गावी आल्या, त्या उन्हाळ्यात आम्ही त्यांना गाडीने यॉर्कशरला नेलं. किल्ले, चर्च यांत त्यांना फारसा रस नव्हता. पुण्यात त्या ऑर्डरप्रमाणे वड्या-लाडू करून द्यायच्या, त्यामुळे इथले लोक गोड काय खातात हे त्यांना बघायचं होतं. टॉफी दाताला चिकटते म्हणून नापास झाली. चॉकलेट बरं, पण फज मात्र त्यांना मनापासून आवडला.

"दुधाची वडीच आहे गं ही. फक्त वेलची विसरलेत."

त्या भागात गावोगावी मिठाईची छोटी दुकानं होती आणि काउंटरवर चाखायला तुकडे ठेवलेले असायचे. दोनतीन दिवसांत आम्हाला त्याची सवयच लागली. चाखायचं, मान डोलवायची, थोडं विकत घ्यायचं.

एका दुपारी एका गावाच्या मैदानात तंबू दिसले, बँड वाजत होता. "जत्रा दिसतेय," म्हणत नवरा गाडी पार्क करायला गेला. आम्ही दोघी जवळच्या तंबूत मागच्या बाजूने शिरलो. आत कोणीच नव्हतं. लांब टेबलांवर पांढरी कापडं, त्यावर जॅमच्या बरण्या, केक आणि ओळीने फजच्या प्लेट्स. प्रत्येकीपुढे एक छोटं कार्ड.

"विकायला कोणी कसं नाही?" सासूबाईंनी विचारलं.

"सॅम्पल असतील, आई. घ्या ना."

मीच पहिला तुकडा उचलला, मोडला आणि अर्धा त्यांना दिला. मग शेजारच्या प्लेटमधला, मग त्याच्या पलीकडचा. "हा बघ, याला म्हणतात पाक जमणं," त्या म्हणत होत्या, तेवढ्यात कोटावर बिल्ला लावलेले एक गृहस्थ आत आले आणि आम्हाला बघून थबकले.

"लव्हली फज!" मी भरल्या तोंडाने म्हणाले.

ते अगदी हळू आवाजात इंग्रजीत म्हणाले, "या स्पर्धेच्या प्लेट्स आहेत. परीक्षक अजून यायचेत."

प्लेटमध्ये ठरलेले तुकडे नसतील तर ती स्पर्धेतून बाद, असा नियम होता. हे सांगून वर तेच माफी मागायला लागले. मागच्या दाराला दोरी लावायला हवी होती, म्हणे. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. तोंडातला घास गिळवेना आणि थुंकायचा तरी कुठे?

त्यांनी तिन्ही प्लेट्सच्या मालकिणींना बोलावलं. दोघींनी हसण्यावारी नेलं. तिसरी, एक किरकोळ अंगाची म्हातारी बाई, आपल्या प्लेटकडे बघत राहिली. मी काय काय बोलले ते मला आठवत नाही, खूप बोलले एवढं खरं. ती "नेव्हर माइंड, डिअर" म्हणाली आणि त्या गृहस्थांकडे वळून पुटपुटली, "या वर्षी चांगला जमला होता."

सासूबाईंना शब्द कळले नव्हते, पण बाकी सगळं कळलं होतं.

"मला त्यांच्याशी बोलायचंय," त्या म्हणाल्या.

"आई, नको. चला आपण."

त्यांनी ऐकलं नाही. एव्हाना तंबूत माणसं जमली होती. त्या सगळ्यांसमोर त्या म्हातारीपुढे जाऊन उभ्या राहिल्या, दोन्ही हात जोडले आणि म्हणाल्या, "सॉरी. व्हेरी गुड. व्हेरी व्हेरी गुड." लोक बघत होते. माझे कान तापले. त्यांनी हात खाली घ्यावेत एवढंच मला वाटत होतं.

म्हातारी क्षणभर गोंधळली. मग तिने प्लेटमधले उरलेले तुकडे पेपर नॅपकिनमध्ये गुंडाळून सासूबाईंच्या जोडलेल्या हातांत ठेवले. आता ते तिच्या काही उपयोगाचे नव्हते. नाही म्हणायची सोयच नव्हती.

बाहेर नवरा आइस्क्रीम घेऊन उभा होता. "काय झालं?" त्याने विचारलं. गाडीत बसून मैदान मागे पडल्यावर मी त्याला सगळं सांगितलं.

घरी परतल्यावर सासूबाई रोज चहाबरोबर त्यातला एकेक तुकडा खायच्या. पुण्याला फोन केला की "अगं, मी परीक्षकांच्या आधी चाखून आले," असं सांगून हसायच्या. पलीकडचंही हसू ऐकू यायचं. मी तेवढ्यापुरती उठून स्वयंपाकघरात जायची आणि नळ सोडून धुतलेलीच भांडी पुन्हा धुवायची.