खंडेनवमीचं कबनूर आणि राहिलेला सोळावा हार

रेकॉर्ड प्लेअरची फिरती तबकडी, तिचा दांडा, सुईचा हात, सागवानी पेटी, व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर आणि त्याचा ट्रान्सफॉर्मर. एवढं मी स्वतःच्या हातानं केलं. ट्रान्सफॉर्मरचे वेढे मोजून मीच गुंडाळले. तबकडी उद्यमनगरातल्या फौंड्रीत ओतली, पण तिचा लाकडी साचा माझा, आणि लेथवर घासून घेताना मी शेजारी उभा. विकत आणली ती मोटर आणि सुई. कॉलेजचं तोंड पाहिलेलं नाही.

हे सगळं घेऊन कबनूरला निघालो त्याला कारण अण्णा. सोळा यंत्रमागांचे मालक, जॅझचे भक्त. आमची ओळख कोल्हापुरात जुन्या रेकॉर्डींच्या ढिगाऱ्यापाशी झाली. एकाच रेकॉर्डला दोघांनी हात घातला होता. त्यांचा बॅटरीवरचा जुना प्लेअर त्या वर्षी कायमचा बंद पडला. म्हणाले, "तुमचं मशीन आणा. पसंत पडलं तर ठेवूनच घेतो." मला स्वतःचा लेथ घ्यायचा होता, दुसऱ्याच्या दारात किती दिवस उभं राहणार? हे विकलं गेलं तर लेथ येणार होता.

दिवस खंडेनवमीचाच का, ते जाणाऱ्यांनी नीट लक्षात घ्यावं. कबनुरात एरवी मागांच्या खडखडाटात शेजारच्याचं बोलणंही ऐकू येत नाही. खंडेनवमीला माग बंद ठेवून त्यांची पूजा करतात. जॅझ ऐकायला वर्षातला हा एकच दिवस.

कोल्हापूरहून सकाळी आठची एसटी. तिकीट बारा रुपये. दोन्ही खोकी बघून कंडक्टर म्हणाला, "ह्यात काय हाय?"

"गाणी वाजवायचं मशीन."

"मग लगेज लागंल. न्हायतर लावा, ऐकू दे समद्यांस्नी."

लगेजचे आठ दिले. शेजारच्या पाहुण्यांनी विचारलं कसली गाणी, मी जॅझ म्हणालो. "म्हंजे लग्नातला बँडच की!" मी खिडकीबाहेर उसाकडं बघत बसलो. ह्या वाक्याला उत्तर द्यायचं मी फार पूर्वी सोडलंय. त्याच्या खालोखाल राग येतो तो "गाणं कधी सुरू व्हायचं?" ह्या प्रश्नाचा, मग रेकॉर्डवर बोटं टेकवणाऱ्यांचा. आणि सगळ्यांत वरचा गुन्हा म्हणजे बाकीची वाद्यं थांबून एकटा डबल बेस वाजायला लागला की आता काही चाललेलं नाही असं समजून गप्पा मारणं.

स्टँडपासून अण्णांचं घर चालत दहा मिनिटं. खाली मागांची शेड, वर राहणं. झेंडूचा वास जिन्यातच लागला. मी मशीन जोडून मान वर करतो तर वैनी हळद-कुंकवाचं ताट घेऊन उभ्या.

"वैनी, तबकडीला नको!"

"का? हत्यारच न्हवं का ते?"

शेवटी पेटीच्या कोपऱ्यावर बोट टेकवण्यावर तडजोड झाली.

अण्णांनी दरवर्षीची ठरलेली रेकॉर्ड काढली. खिडक्या उघड्या होत्या. खाली बाबूमामा, त्यांचा तीस वर्षांचा जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारा, एकेका मागाला हार घालत होता. पहिली बाजू संपली. अण्णांचे डोळे मिटलेलेच. मी मनात लेथ कुठं बसवायचा ते ठरवत होतो.

दुसरी बाजू लावली. एकटा बेस सुरू झाला, आणि हातात हार घेऊन बाबूमामा दारात.

"पावणं, तुमचं मशीन पळतंय की."

मी हातानंच गप्प बसायची खूण केली. तो कसला गप्प बसतोय!

"दरवर्षी सोळाव्या मागाला हार पडतोय आन् बाजू संपती. आज सोळावा ऱ्हायला. म्या काय म्हातारा न्हाय झालो."

अण्णा हसले. मला हसू येईना. तबकडीच्या कडेला कागदाचा कपटा चिकटवला, घड्याळ लावलं. मिनिटाला तेहतीस फेरे आणि एक तृतीयांश व्हायला हवेत. चौतीस भरून वर गेले.

चूक माझीच. मोटर विजेच्या फ्रिक्वेन्सीनं, म्हणजे सेकंदाला होणाऱ्या तिच्या हेलकाव्यांच्या गतीनं फिरते. कारखाने, दिवे सगळं चालू असलेल्या संध्याकाळी ती गती किंचित मंदावते, आणि पट्ट्याची पुली मी रोज संध्याकाळीच घड्याळ लावून बेतली होती. खंडेनवमीला सगळीकडचे कारखाने बंद, विजेवर भार नाही, मोटर पळणारच. वर्षभर मी लोकांच्या प्लेअरना नावं ठेवत हिंडलो.

जेवायला पुरणपोळी, कटाची आमटी. बाबूमामा शेजारीच बसला होता. "वाईट वाटून घेऊ नका," म्हणाला, "मागाची पुली बी म्या वर्षातनं दोनदा बदलतो."

संध्याकाळच्या गाडीनं दोन्ही खोकी घेऊन परत आलो. नवी पुली केली. आता विजेवर भार नसताना बरोबर, संध्याकाळी मंद. ह्या मोटरीवर ह्याला इलाज नाही, मोटरच वेगळी हवी. बेस चालू असताना कुणी बोललं तर राग अजूनही येतो. फक्त आता आधी तो काय म्हणतोय ते ऐकून घेतो.

दोन दिवसांनी अण्णांचा फोन आला. "आहे तसं द्या. मला तर फरक कळला न्हाय."

"मला कळलाय, अण्णा," म्हणालो, आणि नको म्हणून सांगितलं. ते बावीस हजार देत होते.