पाण्याची चावी कोणाकडे?

‘साहेब, ती चावी परत न्या तुमी,’ जनीबाई म्हणाली. ती डोंगराकडच्या ठाकूर वाडीची ग्रामपंचायत सदस्य. कर्जतच्या आमच्या ऑफिसात खुर्ची पुढे केली तरी बसली नाही.

मी पाणीपुरवठ्याचा शाखा अभियंता. चावी मीच गावाला दिली होती.

टाकी टेकाडावर आहे. तिथून एक लाइन खाली गावात जाते, दुसरी वाडीला. वाडी उंचावर. गावाचा व्हॉल्व्ह उघडा असला की पाणी खाली पळतं आणि वाडीच्या नळातून नुसती हवा येते. म्हणून तो व्हॉल्व्ह सकाळी थोडा वेळ बंद ठेवावा लागतो. तो चेंबरमध्ये, म्हणजे रस्त्याकडेच्या सिमेंटच्या खड्ड्यात असतो आणि लांब दांड्याच्या लोखंडी चावीने फिरतो.

आधी हे काम आमचा व्हॉल्व्हमन करायचा. तो निवृत्त झाला, पद भरलं गेलं नाही. या अडचणीला मी विकेंद्रीकरण असं नाव दिलं. ग्रामसभेत नारळ फोडून चावी सरपंचांच्या हाती दिली. ‘तुमच्या पाण्याचा निर्णय अलिबागच्या जिल्हा परिषदेने का घ्यावा?’ असा सवालही केला. टाळ्या पडल्या. वाडीची माणसं वाजवतायत का, हे मी पाहिलं नाही.

‘बाई, चावी गावातच बरी. माणसं आपली,’ मी म्हणालो.

‘आपली म्हंजी त्यांची. आमच्या बाया पुन्हा झऱ्यावर जात्यात. तुमी कुनाचं मेव्हणं नाय, भाऊ नाय. तुमीच ठेवा.’

मी गावात गेलो. सरपंचांनी चहा मागवला.

‘वाडी काय परकी हाय का साहेब? पन मी व्हॉल्व्ह बंद कराया गेलो की आमच्या आळीतल्या बाया हंडे घेऊन म्होरं. त्यात माजी चुलती. तिला नाय कसं म्हनू? तुमी म्हनून बघा.’

चुलती दारातच उभी होती. मी म्हणून पाहिलं नाही.

चावी गाडीत टाकून कर्जतला आणली. आमचे उपअभियंता फाइलवरून मान वर न करता म्हणाले, ‘मागच्या महिन्यात विकेंद्रीकरण, या महिन्यात राष्ट्रीयीकरण?’

‘तात्पुरतं, सर.’

शिपायाने रोज मोटरसायकलवर जाऊन व्हॉल्व्ह बंद करायचा आणि उघडायचा, असं ठरवलं. काही दिवस ठीक चाललं. मग एका शुक्रवारी त्याने सकाळी व्हॉल्व्ह बंद केला आणि मी त्याला फोन करून तातडीच्या टपालासाठी अलिबागला पाठवलं. व्हॉल्व्ह उघडायचा राहिला, चावी ऑफिसच्या कपाटात. शनिवार-रविवार सुट्टी. मी पनवेलला घरी.

सरपंचांचा फोन आला. ‘वाडीचे नळ वाहून चाललेत, आमच्याकडं टिपूस नाय. आता सरकार कवा उघडतंय?’

‘सोमवारी,’ मी म्हणालो. म्हणताना आवाज आपोआप बारीक झाला.

सोमवारी चावी घेऊन पोचलो तेव्हा गावात पाणी आलेलं होतं. सरपंचांनी वेल्डरकडून दुसरी चावी करून घेतली होती. चेंबरच्या झाकणाला दोन कुलपं दिसली. एक गावाचं, एक वाडीचं. दोघं हजर असल्याशिवाय झाकण उघडत नाही. वाडीवाल्यांनी उघडायला उशीर केला, तर दुसऱ्या दिवशी गाव बंद करायला उशीर करतं. शिवाय चुलतीला सांगायला आता सरपंचांकडे कारण आहे: ‘दुसरं कुलूप माज्या हातात नाय गं.’

ही व्यवस्था शासनाच्या नियंत्रणाबाहेर जात होती. मी सुचवलं, ‘तिसरं कुलूप आमच्या विभागाचं लावू.’

चेंबरपाशी उभ्या असलेल्या जनीबाईने विचारलं, ‘तुमी रोज याल?’

‘नाही.’

‘मंग?’

सरपंच म्हणाले, ‘साहेबांचा मान म्हनून लावू या की. किल्ली न लावता उघडतं असं एखादं बघा.’

दोघं पहिल्यांदाच एका गोष्टीवर हसताना दिसली.

या प्रकरणातून मी शिकलो ते इतकंच: लांबचा अधिकारी कोणाचा नातेवाईक नसतो, पण तो जागेवरही नसतो. जवळचा जागेवर असतो, पण त्याला चुलती असते.

कुलपं अजून आहेत. सकाळी चेंबरपाशी रोज भांडण होतं, भांडण झालं की वाडीला पाणी येतं. अहवालात मी याला ‘लोकसहभाग’ असं लिहिलं आहे.