वहिनीची रोजची एक गोळी

"आई झोपेतच गेली, काका," असं पुतण्यानं फोनवर सांगितलं, तेव्हा रडू येण्याआधी मला शरम वाटली. झोपेवरून त्या माउलीला घरच्यांनी जेवढं छळलं, त्यात सर्वांत मोठा वाटा माझा होता.

संयुक्त महाराष्ट्राचे दिवस. लालबागच्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर आम्ही राहायचो. ऐन वैशाखात वहिनी शाल पांघरून बसायची. चेहरा सुजलेला, आवाज घोगरा, भाकरी थापता थापता डुलकी. माझी आई मालवणीत म्हणायची, "हिका घोवापेक्षा उशी प्यारी!" मी तर तिला कुंभकर्णाची धाकटी बहीण करून टाकलं होतं… शेवटी मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरनं सांगितलं, गळ्यातली थायरॉईडची ग्रंथी मंदावलीय, ही गोळी रोज एक, जन्मभर. तेही पुढच्या पेशंटकडे बघत. गोळी कमी पडली की जास्त झाली, हे ओळखायचं कसं, ते विचारायच्या आत बाई दाराबाहेर. मग सातवी शिकलेल्या वहिनीनं आपली रीत काढली. सकाळी उठायच्या आधी दादाचं घड्याळ समोर धरून नाडी मोजायची आणि आकडा कॅलेंडरवर पेन्सिलीनं लिहायचा. साठाच्या खाली गेला की शाल बाहेर येणार, हे तिला पक्कं कळलं. चार महिन्यांत सूज उतरली आणि बाई भरली कळशी घेऊन न थांबता तिसरा मजला चढू लागली.

ते पाहूनच माझी मती फिरली. मी तेव्हा चांगलाच गोलमटोल. मोर्च्यावर लाठीमार सुरू झाला की सगळे गल्लीबोळांत पसार व्हायचे आणि लाठी हमखास माझ्या पाठीवर पडायची. वाटलं, वहिनीला चपळ करणारी गोळी आपल्याला का नको? बाटली उलटी करून सगळ्या गोळ्या खिशात घातल्या आणि तिच्यात दिसायला तशाच, पोटदुखीवरच्या गोळ्या भरल्या. पुढच्या मोर्च्यात मी खरंच वाऱ्यासारखा पळालो… थेट उभ्या असलेल्या पोलीस गाडीपर्यंत!

इकडे वहिनीचे आकडे घसरू लागले. चौसष्ट, साठ, पंचावन्न. शाल परत बाहेर आली. ती कॅलेंडरच गुंडाळून इस्पितळात गेली. डॉक्टरनं ते उलगडलंसुद्धा नाही. "आता तुम्ही आम्हाला शिकवणार? गोळी दुप्पट करा."

दुसऱ्या दिवशी नवी, खरी बाटली फोडून वहिनीनं दोन गोळ्या तळहातावर घेतल्या. माझे हात महिनाभर थरथरत होते, छातीत ढोल वाजत होता. रोजच्या एका गोळीनं माझ्यासारख्या रेड्याची ही दशा, तर दोन गोळ्यांनी हिचं काळीज बंद पडेल!

"वहिनी, थांब! खाऊ नको!"

"का हो भावोजी? आता गोळीवरसुद्धा नजर का?"

मी सगळं सांगून टाकलं. तिनं माझं मनगट धरलं, घड्याळ समोर घेतलं आणि मिनिटभर ओठ हलवत राहिली.

"एकशे बारा," ती म्हणाली. "मेल्या, मरायचं होतं का?"

वहिनीनं मला अरेतुरे केलं ते त्या एकाच दिवशी. मग ती खाली बसली, पदर तोंडाला लावला आणि बराच वेळ रडली. "मला वाटलं, गोळी लागू पडेनाशी झाली. आता पुन्हा तसंच जगायचं…" एवढंच पुटपुटली. एक गोळी तिनं बाटलीत परत टाकली.

आता बाटली कुलपात जाणार, असं मी धरून चाललो होतो. तिनं ती माझ्याच हातात दिली. "उद्यापासून रोज सकाळी तुम्हीच काढून द्यायची. एक."

लग्न करून दादरला बिऱ्हाड थाटेपर्यंत पाच वर्षं मी ते काम केलं. वहिनी चुलीपाशी बसलेली असायची. पाठमोरीच हात मागे करायची, पिठानं माखलेला. मी गोळी ठेवायचो, ती तोंडात टाकायची. पाच वर्षांत एकदाही तिनं हातावर काय ठेवलंय ते वळून पाहिलं नाही.